वेणीतल्या तेलाचं पीस

परतवाड्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडांखाली जो लहानसा तलाव आहे, त्यात एक काळी मरळ राहत होती, आणि सोमवारनंतर तिचं काही खरं नव्हतं. गाळ काढायला जेसीबी येणार होता. त्याआधी रविवारी दुपारी पंप बसणार, उरलेलं पाणी उपसलं जाणार, काळी आपली सवयीने चिखलात शिरणार आणि चिखलासकट ट्रॉलीत जाणार. तलावावर चाळीस वर्षं गळ टाकलेल्या डोमाजी आबाजींना हे सगळं आधीच दिसत होतं.

जाळ्यात ती कधी आलीच नाही. जाळं पडलं की तळाशी दडायची. पण मरळीला श्वासाला वर यावं लागतं, आणि वर आली की पाण्यावर हलणारं काही दिसलं तर ती ते सोडत नाही. आबाजींचा हात मात्र आता असा थरथरायचा की चहाचा कप बशीशी गप्पा मारायचा. म्हणून त्यांनी काठी दिली शेजारच्या खुशीला, नववीतल्या. खुशीच्या शेवंतीच्या मळ्यात बारमाही पाण्याची विहीर होती. काळीला तिथे न्यायचं ठरलं.

आठवडाभर खुशी वाफ्यांमध्ये उभी राहून दोरी फेकायला शिकली. तीनदा स्वतःची ओढणी पकडली, एकदा वाळत घातलेला बाबांचा सदरा. शनिवारी मात्र दहापैकी नऊ वेळा दोरी लांब ठेवलेल्या पाटीत पडली, आणि त्या दिवसापासून ती चालायचीसुद्धा वेगळी, जणू सगळा परतवाडा बाजूला होऊन वाट देतोय.

गळाला लावायचा खोटा चतुर किडा तिने स्वतः केला. कोंबडीचं पिवळसर पीस, आईच्या डब्यातला हिरवा रेशमी दोरा. गळाचा काटा आबाजींनी पकडीने दाबून बोथट केला, म्हणजे काळीचं तोंड फाटणार नाही.

रविवारी उजाडायच्या बेतात दोघं काठावर पोचली. मोहाची फुलं गळत होती. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप् टप्. पाण्यावर पडलेलं फूल क्षणभर तरंगायचं, भोवती बारके मासे जमायचे, आणि गोल गोल वर्तुळं एकमेकांत अशी विरघळायची की खुशीला वाटलं, तलाव अजून झोपेतच आहे आणि हे त्याचं स्वप्न वर येतंय. हवेत गोड, आंबूस वास होता. पलीकडे गावातल्या पंचफुलाबाई टोपलीत फुलं वेचत होत्या.

मग मधोमध पाणी फुगलं, एक काळी पाठ सरकली, बुडाली.

खुशीने दोरी फेकली. पडली अगदी जागेवर. पण चतुर थेट तळाशी गेला. पुन्हा फेकली, पुन्हा बुडाला. पाचव्यांदा पंचफुलाबाई बोलल्याच, "काय व पोरी, चतुर फेकून राहिली का गोटा?"

आबाजींनी पीस हातात घेतलं, बोटांनी चोळलं आणि विचारलं, हे धुतलं होतं का. खुशीने होकारार्थी मान हलवली. कोंबडीचा वास जावा म्हणून तिने ते शाम्पूने दोनदा घासलं होतं.

"त्याचं तेल गेलं न माय," आबाजी हळूच म्हणाले. "आता थे पानी पिऊन राहिलं."

मोहाच्या शेंड्यावर ऊन आलं होतं. पाण्यावर ऊन उतरलं की काळी पलीकडच्या दाट गवताआडच श्वासाला वर येणार, तिथे दोरी पोचणार नव्हती, आणि दुपारी पंप. खुशी मटकन काठावर बसली. आठवडाभराचा सगळा रुबाब कुठे गेला कोण जाणे. मान खाली गेली तशी वेणी खांद्यावरून मनगटावर पडली. गार, चिकट. शनिवारी रात्री आईने वाटीभर खोबरेल डोक्यावर थापलं होतं आणि त्यावरून खुशी केवढी भांडली होती.

ती वेणीकडे बघत राहिली. मग चतुर उचलला आणि वेणीतून एकदा, दोनदा, तीनदा सावकाश ओढला.

 आबाजींनी काठी उचलून पुन्हा तिच्या हातात दिली.

या वेळी चतुर मोहाच्या फुलांमध्ये पडला आणि तरंगला. खुशीने काठी किंचित हलवली. पीस थरथरलं. पाणी आतून काळं झालं, उघडलं, आणि चतुर नव्हताच. काठी वाकली. तिच्या दोन्ही हातांतून कोणीतरी खूप जुनं, खूप हट्टी तिला आत बोलावत होतं.

"वढू नको," आबाजी म्हणाले. "चालू दे तिले. तिचा तलाव हाय तो, फिरून घेऊ दे एकदा."

खुशीने चालू दिलं. काळी सगळा तलाव फिरली, आणि मग आपणहून आल्यासारखी काठाशी आली. हातभर लांब. बोथट गळ अलगद निघाला. ओल्या गोणपाटात गुंडाळली तर मरळ तासभर तग धरते, हे आबाजींना ठाऊक होतं, पण ती डोळे मिटत नाही हे खुशीला आजच कळलं.

पंचफुलाबाई टोपली घेऊन आल्या. वाकून पाहिलं, आणि मूठभर मोहाची फुलं गोणपाटात घातली. "सासरी चालली न बाई. रिकाम्या ओटीनं कशी धाडता?"

विहिरीच्या पायऱ्या उतरून खुशीने गोणपाट पाण्यात सोडलं. फुलं वर राहिली. काळी खाली गेली, हिरव्या अंधारात, एकदाही न वळता.

दुसऱ्या दिवशी शाळेत बसूनही तिला तलावाकडून जेसीबीची घरघर ऐकू येत होती. सुटल्यावर ती धावतच विहिरीवर आली. आबाजी आधीच कठड्याला टेकून बसले होते. पाणी गप्प होतं. दोघं कितीतरी वेळ बघत राहिली.

मग एक बुडबुडा आला. त्याच्याभोवती एक वर्तुळ उठलं, मोठं होत गेलं, आणि सावकाश येऊन विहिरीच्या दगडांना लागलं.

"घेतला श्वास," आबाजी म्हणाले, आणि तेव्हा खुशीच्या लक्षात आलं की तीही इतका वेळ श्वास धरून बसली होती.