बारावा धडा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानात ती एकटीच बाई, आणि हात असा बसलेला की गिऱ्हाइकांनी तिचं नाव स्क्रूताई पाडलं होतं. त्या दुपारी ती एका काकांकडे गेली. तक्रार साधी होती. सीडी ड्राइव्ह उघडत नव्हता आणि आत सीडी अडकली होती.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. काका सत्तरीचे, शर्टाचं एक बटण चुकून खालच्या काजात गेलेलं. खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी माइक आणि भूगोलाचं एक पाठ्यपुस्तक.

"ड्राइव्ह नवा बसवा," काका म्हणाले, "पण सीडी जपून काढा ताई. हिचा आवाज आहे तिच्यात. दुसरी प्रत नाही."

काकू गेल्याला आठ महिने झाले होते. अंध मुलींच्या शाळेसाठी त्या घरी बसून पुस्तकं वाचायच्या आणि त्यांच्या सीड्या करून द्यायच्या. भूगोलाचे अकरा धडे झाले, त्यांची सीडी केली, आणि त्याच आठवड्यात सगळं आटोपलं. बारावा राहूनच गेला. शाळेतून दोनदा फोन येऊन गेला होता.

"सव्वीस वर्षं वाचत होती," काका म्हणाले. "घरात मात्र मला बोलायला वाव नसायचा. सारखं रेकॉर्डिंग चालू!"

स्क्रूताई हसली. तिने प्लग काढला, कॅबिनेटचं झाकण उतरवलं, ड्राइव्हच्या मागच्या दोन्ही वायरी सोडवल्या, चार स्क्रू काढले आणि ड्राइव्ह पुढून ओढून घेतला. मग पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसली. ट्रे कुरकुरत बाहेर आला. सीडीवर साधा ओरखडाही नव्हता. नवा ड्राइव्ह आत सरकवून तिने स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. खोलीत उकडत होतं, म्हणून काकांना विचारून पंखा लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला.

सीडी आत गेली. पडद्यावर यादी आली.

"बारा आहेत की काका."

"अकरा."

"हे बघा ना, बारा."

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "बारावा तिने वाचलाच नाही हो. ही सीडी केली आणि दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यात गेली."

"लावून बघू?"

त्यांनी मान हलवली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कुणीतरी घसा साफ केला. काकांनी टेबलाची कड पकडली. एक स्वच्छ, सावकाश आवाज वाचू लागला, "धडा बारावा. जमिनीखालचं पाणी."

अर्धं पान झालं असेल. आवाज मध्येच थांबला.

"ताई, पंखा बंद करता का? घरघर येतेय."

स्क्रूताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्याला भास झाला म्हणावं, तर काकाही पंख्याकडेच बघत होते. ती उठली. बटणापर्यंत गेली आणि पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

"हं," आवाज म्हणाला आणि राहिलेल्या ओळीपासून पुढे वाचू लागला.

दोघंही जागचे हलले नाहीत. टेबलावरचं पुस्तक मिटलेलंच होतं, पण पान उलटल्याची सळसळ मात्र नीट ऐकू येत होती. धडा संपला. स्वाध्यायही वाचून झाले.

"झालं. तुम्ही दुपारची गोळी घेतलीत का?"

"घेतली," काका हळूच म्हणाले.

स्पीकरमधून पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"खोटं."

काका उठले. फडताळातून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि रिकामा पेला वर धरून कॉम्प्युटरला दाखवला. एखाद्या शाळकरी मुलाने पाटी दाखवावी तसा. स्क्रूताईला हसूही येईना आणि रडूही. पुढे काहीच आवाज आला नाही. तिने यादी पुन्हा उघडली. अकरा. सीडी काढून घातली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. अकराच.

"हरवला धडा," ती म्हणाली. "आधीच कॉपी करून घ्यायला हवा होता. चुकलंच माझं."

"तुमचं काय चुकलं?" काकांनी माइक स्वतःकडे ओढला. "मी वाचतो. मला जमत नाही, अडखळतो मी. पण मुलींची परीक्षा तोंडावर आलीय. तुम्ही तेवढं बटण दाबा, आणि जाऊ नका. मला एकट्याला भीती वाटते."

तिलाही वाटत होती. तरी ती बसली. काकांनी तासभर वाचलं, 'झऱ्या'चं 'झाड' केलं, 'सच्छिद्र' शब्दावर तर तीनदा अडले. स्क्रूताईने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बारा धड्यांची नवी सीडी तयार झाली. ती पाकिटात घालून तिने काकांच्या हातात दिली आणि जिना जवळजवळ पळतच उतरली.

पंधरवड्याने दुकानात काकांचा फोन आला.

"सीडी पोचली. मुलींना आवडली म्हणे. त्या एक विचारत होत्या. मी चुकलो की हळूच बरोबर शब्द सांगतात, त्या बाई कोण? ताई, तुम्ही सांगत होतात का?"

"नाही हो काका. मी तोंडच उघडलं नाही."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. कित्येक दिवसांनी कुणी आनंदाची बातमी द्यावी तसा त्यांचा आवाज झाला होता. "मी आता विज्ञानाचं पुस्तक मागवलंय."

फोन ठेवून स्क्रूताई बराच वेळ तशीच बसून राहिली. समोर एक कॅबिनेट उघडं पडलं होतं, पण त्यात हात घालायचा तिला धीर होत नव्हता.