गाडी नव्हे, माडी

"आधी बघ शेपटी, मग वळव मुंडी, घाई केलीस पोरी, तर हुईल कोंडी!"

हा आवाज बेरिलच्या कानात लहानपणापासून मुरलेला. तिच्या बापाचा. लाल ट्रॅक्टर, मागे गवताने शिगोशीग भरलेला ट्रेलर, ट्रॅक्टरच्या उंच लोखंडी बैठकीवर दोन वेण्यांची बेरिल आणि कोठाराच्या दारात दातात पाइप धरून उभा बाप. ट्रेलर मागे न्यायचा तर सगळाच उलटा न्याय. शेपटी डावीकडे हवी असेल तर चाक उजवीकडे फिरवायचं. दाराच्या दोन्ही अंगांना वीतभरच जागा उरायची, पण पोर एका दमात ट्रेलर आत घालायची. बाप पाइप काढायचा आणि म्हणायचा, "बरं हाय." यॉर्कशायरच्या त्या दऱ्यांत याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला देत नाही.

मग लग्न झालं. क्लाइव्ह मेटकाफ लीड्सचा, शहरातला, सोफ्यांच्या दुकानात नोकरीला. त्याच्याकडे एक कॅरावॅन होती, सुट्टीत राहायचं चाकांवरचं घर, आणि ती ओढायला लांबलचक पाठीची इस्टेट गाडी. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने मान वळवून, ओठ चावत कॅरावॅन मागे घेतली, वाकडी तर वाकडी, आणि उतरून बायकोकडे असं काही बघितलं, की कोंबड्याने तुरा उभारावा. त्या तुऱ्यापुढे बेरिलने जीभ आवरली. आपल्याला हे येतं, हे ती तेव्हा बोलली नाही. मग बोलायची वेळ निघूनच गेली.

"तू मागे उभी राहा," क्लाइव्ह म्हणाला होता, "आणि हाक दे. आरशात तू दिसलीस की मी निर्धास्त."

ती उभी राहिली. पावसात, उन्हात, मेंढ्यांच्या लेंड्यांत पाय देऊन. डावा हात, उजवा हात, "ये, ये, ये... बास!" बेरिलच्या हाकेवर कॅरावॅनचं चाक बशीवर टेकेल, असं कॅरावॅनवाल्यांच्या मंडळातले लोक म्हणत. आणि क्लाइव्हची इस्टेट गाडी म्हणजे खरोखरच त्याची इस्टेट होती. एक गाडी म्हातारी झाली की तो तशीच दुसरी घ्यायचा. तिची बैठक त्याच्या अंगाची घडी घेतलेली, तिच्या काचा तोच पुसायचा. मागचं दार वर करून दोघं खालच्या पाटावर बसत, थर्मासमधला चहा पीत आणि केकच्या फोडीवर चीजची फोड ठेवून खात. तो पाट तेवढा बेरिलचा.

पण नवी कॅरावॅन वजनदार निघाली. गेल्या वर्षी स्केलगिलच्या चढावर गाडीने मान टाकली. जळक्या क्लचचा वास दरीभर पसरला, मागे गाड्यांची रांग लागली, आणि शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून दोघांना वर ओढलं. क्लाइव्ह तीन दिवस धड बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "एसयूव्ही घ्यायची."

"ही गाडी आहे की माडी?" दुकानात ती बघताच बेरिल म्हणाली. मागचा पाट तिच्या कमरेच्या वर. तिथे बसून चहा प्यायचा तर शिडीच हवी.

विकणारा पोरगेलासा, गोड बोलणारा. त्याने स्टीअरिंगशेजारचा टीव्हीसारखा पडदा दाखवला. "कॅरावॅनच्या पाठीला कॅमेरा लावून देतो. मागचं सगळं इथे दिसेल. आता मॅडमना पावसात उभं राहून ओरडायला नको!"

क्लाइव्ह हसला. बेरिलही हसली. इतक्या वर्षांची हाक, आणि तिच्या जागी आता बटणाएवढा काचेचा डोळा.

"बसून तरी बघा, मॅडम," पोरगा म्हणाला.

ती चढली आणि स्टीअरिंगमागे बसली. ही उंची तिच्या ओळखीची होती. बापाच्या ट्रॅक्टरची.

मे महिन्यात मंडळाचा पहिला मेळा, त्याच स्केलगिलच्या माथ्यावरच्या कुरणात. एसयूव्ही तो चढ अशी चढली, जशी सुरी लोण्यात जावी. क्लाइव्ह शीळ घालत होता. बेरिल बाजूला बसून खिडकीबाहेर बघत होती. इतकी वर्षं ती या रस्त्याने गेली, पण दिसायच्या त्या दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती, नुसते दगड. आज पहिल्यांदा भिंतींच्या पलीकडचं दिसत होतं. हिरवीगार उतरण, आयांना ढुशा देणारी कोकरं, पिवळ्या फुलांनी भरलेलं ओढ्याकाठचं कुरण. एवढं सगळं भिंतीपलीकडे होतं आणि आपण दगड मोजत गेलो, तिच्या मनात आलं.

कुरणात सगळे आधीच आलेले. कुणीही कॅरावॅन मागे घ्यायला लागलं की एकूण एक माणूस हातात चहाचा मग घेऊन बाहेर येतो आणि आभाळाकडे बघत असल्याचं दाखवतो. मंडळाचा म्होरक्या नॉरिस तर मुद्दाम खुर्ची वळवून बसला होता. "या या, सरदार!" तो ओरडला. "यंदा ट्रॅक्टर बोलवू की नको?"

"तुलाच ओढून नेईन, नॉरिस, खुर्चीसकट!" क्लाइव्हने उत्तर फेकलं.

बेरिलने सवयीने दाराला हात घातला. मग काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"उतरत नाहीस?"

"कशाला? डोळा आहे ना पडद्यात."

क्लाइव्हने खांदे उडवले. त्याने पडदा सुरू केला. वाटेतल्या चिखलाने कॅमेरा माखलेला; पडद्यावर नुसती तपकिरी खीर. तरी त्याने गाडी मागे घेतली. कॅरावॅन डावीकडे पळाली. पुढे घेतली, पुन्हा मागे. कॅरावॅन उजवीकडे पळाली. तिसऱ्यांदा तर गाडी आणि कॅरावॅन एकमेकींकडे तोंड करून भांडणाऱ्या जावांसारख्या उभ्या राहिल्या. बाहेर चहाचे मग हातातच राहिले, घोट कुणी घेईना.

"अगं उतर ना," क्लाइव्ह हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हाक दे मला."

हीच ती वेळ होती. उतरली असती तर झालं असतं; हाक पुन्हा तिचीच झाली असती, मानाने. पण त्या उंच बैठकीवरून तिला पलीकडची कोकरं दिसत होती.

"नाही," ती म्हणाली. "हाक तू दे. मी आणते."

क्लाइव्ह वाद घालील, हसेल, असं तिला वाटलं. तो मुकाट्याने उतरला, कॅरावॅनच्या मागे, तिच्या जागेवर जाऊन उभा राहिला.

ती सरकून बसली, बैठक पुढे घेतली, आरसा आपल्या नजरेला जुळवून घेतला आणि पडदा बंद केला.

"डावीकडे!" क्लाइव्ह उजवा हात हलवत ओरडला. "नाही, दुसरं डावीकडे! अगं, थांब! नाही, ये!"

ती त्याचं ऐकतच नव्हती. तिला पाइपचा वास येत होता. आधी बघ शेपटी. तिने शेपटी बघितली. मग वळव मुंडी. चाक उलटं फिरलं, हातभर, मग वीतभर, मग बोटभर. ती एवढी थोरली कॅरावॅन, आज्ञाधारक गाय गोठ्यात शिरावी तशी मागे मागे गेली, जागा आखणाऱ्या खुंट्यांच्या मधोमध, कुंपणाशी समांतर, आणि थांबली. एका दमात. चाकाखाली बशी असती तर बशी फुटली नसती.

कुरणात आता कुणी आभाळाकडे बघायचं सोंग करत नव्हतं. मग कुणीतरी मगवर चमचा वाजवला, दुसऱ्याने वाजवला, आणि बघता बघता अख्खं कुरण किणकिणू लागलं. बेरिलने दार उघडलं, पण उतरायची घाई केली नाही. वरून सगळ्यांकडे बघत बसून राहिली. तिची मान ताठ होती, आणि ती तिने ताठच राहू दिली.

नॉरिस खुर्चीतून उठून आला. क्लाइव्हच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "मानलं गड्या! काय तयार केलंयस बायकोला! कधी शिकवलंस?"

क्लाइव्हच्या तोंडावर जुना तुरा उभा राहू पाहत होता. बेरिलला तो दिसला. हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. त्याने टोपी काढली, वर बैठकीवर बसलेल्या बायकोकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"मी कसला शिकवतोय! तिच्या बापाने शिकवलंय. लग्नाच्या दिवशीच म्हातारा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला होता, 'मागं काय न्यायचं असंल तर बेरिलच्या हाती दे, तुझ्यापरीस भारी हाय ती.' मला तेव्हापासून माहीत आहे, नॉरिस. तेव्हापासून."