अभिप्रायाच्या वहीतलं पान

रुपी चौथीत आली तरी वर्गात एक शब्द बोलत नव्हती. मुकी नव्हती ती. शाळेमागच्या उतारावर शेळ्यांना हाका मारणारा तिचा आवाज मला फळ्यापाशी उभं राहून ऐकू यायचा. पण वर्गात पाऊल टाकलं की ओठ मिटायचे. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. आपण बोललो तर पोरं हसतील, ही तिची भीती. पहिलीत ती एकदा बोलली तेव्हा पोरं हसलीही होती. तेवढं तिला पुरलं.

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर मला तेव्हा अकरावं वर्ष चालू होतं. मूळचा मी जव्हारचा. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती आणि या एका मुलीला बोलतं केल्याशिवाय जायचं नाही, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

तिचा बाप लहान्या दर वर्षी भात झोडून झालं की बायकापोरांसह भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा. पोरं निम्मं वर्ष शाळेबाहेर. १९९८च्या सप्टेंबरात मी त्याच्या अंगणात जाऊन बसलो.

"यंदा रुपीला इथंच ठेव. कोंडीआजी आहे की सांभाळायला."

"ठेवून काय करू, गुरुजी? तुमीच सांगता, ती बोलत नाय म्हणून. भट्टीवर निदान तिच्या धाकटीला तरी सांभाळंल."

"बोलेल रे."

"बोलली तर ठेवतो," लहान्या म्हणाला आणि हसला. "तुमी तिला बोलवा, मी तिला ठेवतो. झालं?"

मी त्याच्या हातावर हात मारला. लहान्याची आई, कोंडीआजी, शेजारच्या तिच्या झोपडीतून ओरडली, "शेळी घेताव का पोरगी, दोघं!"

ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह असतो. एका डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात आमच्या भागातल्या शाळांच्या मुलांना बोलावलं होतं. मला वाटलं, चार भिंतींत न बोलणारी मुलगी झाडांत बोलेल. तिथं तिला हसणारं कोण? उलट तीच इतरांना शिकवील.

जव्हार डेपोची एसटी पहाटे खोडाळ्यापर्यंत आली. तिसरी-चौथीची बावीस मुलं, मी आणि आमच्या शाळेत नुकत्याच लागलेल्या नीताबाई. घाटात निम्मी मुलं खिडकीबाहेर डोकी काढून ओकली. नीताबाईंनी सगळ्यांच्या हातावर आवळासुपारी ठेवली.

उद्यानाच्या फाटकातून आत गेल्यावर मुलं जरा गोंधळली. दुतर्फा ऐन, कुंभा, हिरडा, धावडा. समोर डोंगराची सोंड.

"गुरुजी, उद्यान कुठं हाय?" ढवळूने विचारलं.

"हेच."

"हां? हे तर आपल्या पाड्यासारखंच. मग आत यायला तिकीट कशाला?"

"आपल्याकडं बी लावू या फाटक," दुसरा म्हणाला. "ढवळूच्या म्हशीला बी तिकीट!"

झाडांच्या खोडांवर पत्र्याच्या पाट्या ठोकलेल्या होत्या, नाव लिहिलेल्या. ढवळू एकेका पाटीपुढे थांबून मोठ्याने वाचायचा आणि वर बघून म्हणायचा, "हजर!" सगळी खो खो हसत होती. रुपीही हसली, तोंडावर हात ठेवून.

उद्यानाच्या वाटाड्याबाई, उज्ज्वला त्यांचं नाव, फार गोड बोलायच्या. एका जाड खोडापाशी थांबून त्यांनी विचारलं, "मगरीच्या पाठीसारखी साल आहे. कोण सांगेल हे कुठलं झाड? पाटी न वाचता हं!"

बावीसजण गप्प राहिले. झाड रोजचं होतं, पण अनोळखी बाईंपुढं पहिलं बोलायचं कोणी?

मी रुपीच्या मागे उभा होतो. तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणालो, "सांग गं. तुला येतंय."

ती बराच वेळ झाडाकडे बघत राहिली. मग मी शाळेत सगळ्यांना शिकवलं होतं तशी सरळ उभी राहिली, हात मागे बांधले आणि बोलली.

"हा ऐन हाय. याच्या पोटात पाणी असते. उन्हाळ्यात फुगलेल्या जागी कोयता मारला की निघते. पण एकाच झाडाला दरसाल मारायचा नाय. त्याला बी तहान लागते."

उज्ज्वलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग रुपी थांबेना. गेळ्याचं फळ कुटून डोहात टाकलं की मासे कसे वर येतात, कडूकंदाच्या चकत्या रातभर वाहत्या पाण्यात का ठेवायच्या, वाळलेल्या पानावर भेकराचं पाऊल कसं ओळखायचं. पुढची मुलं मागं फिरून तिच्याभोवती गोळा झाली. चार वर्षं मी जी वाट बघत होतो ती या एका तासात संपली. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी दोनदा मागे थांबलो.

शेवटी माहिती केंद्रात चहा, बिस्किटं झाली. तिथं टेबलावर अभिप्रायाची जाड वही होती. उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही दोन ओळी लिहा."

"मी नाही. ही लिहील," मी म्हटलं.

रुपीला स्टुलावर बसवलं. माझा पेन तिच्या हातात दिला. "आधी नाव, मग गाव, तालुका, जिल्हा. मग तुला काय वाटलं ते. पूर्ण वाक्यात. आणि खरं तेच लिहायचं."

जीभ बाहेर काढून ती पंधरा मिनिटं लिहीत होती. लिहिलं ते मला आजही पाठ आहे.

'माझे नाव रुपी लहान्या. सूर्यमाळ, तालुका मोखाडा, जिल्हा ठाणे. तुमचे जंगल आमच्या जंगलासारखे आहे. ऐन आहे. भेकराची पावले पण आहेत. माझे बाबा भेकराला फासा लावतात. ब्रेकच्या तारेचा. मला पण लावता येतो. भेकर पडले की पाड्यातल्या सगळ्या घरांना वाटा देतात. गुरुजींना पण देतात.'

नीताबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, हे असंच राहू द्यायचं? फाशाचं? आणि तुमचं ते शेवटी..."

"खरं आहे ते."

"खरं आहे, पण वनखात्याची वही आहे ही."

"बाई, पोरीने पहिल्यांदा तोंड उघडलंय. आता खोडायला सांगू? परत कधी हातात पेन धरणार नाही ती."

नीताबाई मुलांकडे वळल्या. त्यांची नोकरी नवी होती आणि मी जुना माणूस. अकरा वर्षांत माझ्या दारात पळसाच्या पानात बांधून कितीदा तरी वाटा आला होता. ज्याच्या फाशात भेकर पडलं त्याने एकट्याने खाल्लं तर पाडा त्याला नावं ठेवतो. वाट्यातून गुरुजीला वगळणं म्हणजे गुरुजीला परका म्हणणं. कायद्याने तो गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असलेली ती गोष्ट त्या दिवशी मला आठवलीच नाही. मला फक्त नऊ ओळी दिसत होत्या, सरळ, गोल अक्षरातल्या.

त्यावर समाधान होईना म्हणून, शाळा तपासणीच्या सवयीने, मी खाली लिहिलं: 'वरील मजकूर विद्यार्थिनीने स्वतः, माझ्या समक्ष लिहिला आहे.' सही केली. हुद्दा लिहिला.

लहान्याने शब्द पाळला. दिवाळीच्या आधीच रुपीचं बोचकं कोंडीआजीच्या झोपडीत गेलं. ती आता वर्गात रोज हात वर करायची. कधी कधी मलाच म्हणावं लागे, "रुपी, जरा दुसऱ्यांना पण बोलू दे."

दिवाळीची सुट्टी संपून चार दिवस झाले होते. दुपारी शाळेसमोर जीप थांबली. खाकीतले दोघे आले. त्यातल्या मोठ्या साहेबांनी माझ्या टेबलावर एक झेरॉक्स ठेवली. मला वाचायची गरज पडली नाही.

"उद्यानाकडून आली. योग्य कार्यवाहीसाठी," साहेब म्हणाले. "अक्षर तुमच्या विद्यार्थिनीचं का?"

मी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"खाली सही तर तुमचीच आहे."

"लहान मूल आहे, साहेब. मुलं काहीही लिहितात."

"काहीही नाही लिहिलेलं. पत्त्यासकट लिहिलंय. तुम्ही चांगलं शिकवलंय." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "यात तुमचंही नाव आहे, गुरुजी. पेन्शनला किती राहिलं, दीड वर्ष? ही ओळ मी वाचलेली नाही. झेरॉक्स नीट आली नाही असं समजा. पण मुलीनं लिहिलंय ते खरं, एवढं तुम्ही पंच म्हणून लिहून द्या."

वर्गात पाढे चालू होते, ते थांबले. नीताबाई दारात उभ्या होत्या. खिडकीतून मला रुपीचं डोकं दिसत होतं. तिला वाटलं असावं, तिच्या लिहिण्याचं कौतुक करायला कोणी आलंय. ती माझ्याकडे बघून हसली.

मला तेव्हा म्हणता आलं असतं, की वाटा मी खाल्लाय, तर माझंही नाव घ्या. दोन वाक्यं होती. पूर्ण वाक्यं.

मी कागद ओढला आणि लिहून दिलं. अक्षर तिचं आहे. मजकूर खरा आहे.

साहेबांनी वर्गात जाऊन तिला उभं केलं. "तूच लिहिलंस ना, बाळ? फासा कुठं असतो बाबांचा?"

रुपी सरळ उभी राहिली. हात मागे बांधले. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"आमच्या घराच्या आढ्याला टांगलेला असतो," ती म्हणाली.

तासाभराने लहान्याला जीपमध्ये घालून नेलं. पाडा रस्त्याला उभा होता, कोणी ओरडलं नाही. कोंडीआजी तेवढी जीपमागे थोडं चालत गेली.

तो बारा दिवसांनी सुटून आला, जव्हारच्या कोर्टाच्या तारखा गळ्यात घेऊन. मी भेटायला गेलो तेव्हा बोचकी बांधणं चालू होतं. भट्टीला सगळेच निघाले होते. रुपीचं बोचकंही त्यात होतं.

"लहान्या, तिला तरी राहू दे. आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "बोलली तर ठेवतो म्हटलं होतं. बोलली, गुरुजी. लय बोलली."

त्याने दोरीची गाठ आवळली.

"मना विचारलं त्यांनी, वाटा कोणा-कोणाला देतो. मी म्हटलं, कोणाला नाय, एकटाच खातो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं नाव नाय घेतलं."

रुपी धाकटीला कडेवर घेऊन उभी होती. मी तिला हाक मारली. ती झोपडीत निघून गेली.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. मीही उद्यानाच्या सहली बंद केल्या. मुलांना पूर्ण वाक्यात बोलायला मात्र शिकवत राहिलो, कारण दुसरं काही मला येत नव्हतं.

माझ्या नोकरीचं शेवटचं काम म्हणजे दोन हजार सालच्या एप्रिलातली पटनोंदणी. सहा वर्षांची झालेली मुलं शोधत घरोघर फिरायचं आणि नावं लिहून घ्यायची. लहान्याचं कुटुंब त्या वर्षी भट्टीवरून लवकर परतलं होतं. त्यांच्या झोपडीच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीमागून मला एका मुलीचा आवाज आला. कोंबडीला झाडत होती: "अंडं कुठं घातलंस, सांग! रोज लपवतेस, चोरटे! सांगतेस का नाय?" खणखणीत आवाज. पुढं आलो तर सुकी, रुपीची धाकटी. मला बघून थबकली.

"नाव काय गं तुझं?" सवयीने मी विचारलं.

ती सरळ उभी राहिली. तोंड उघडलं. तेवढ्यात झोपडीतून रुपी आली आणि तिने मागून सुकीच्या तोंडावर हात ठेवला. पाण्याने ओला हात होता. अकरा वर्षांची रुपी, उंच झालेली, तळहातांना विटांचे घट्टे पडलेले.

"तिला बोलाया येत नाय, गुरुजी," ती म्हणाली.

दीड वर्षात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पूर्ण होतं.

सुकी हाताच्या वरून माझ्याकडे टक लावून बघत होती. कोंबडी जाळीत ओरडत होती. रुपीने हात काढला नाही.

मी उन्हात खाली बसलो, मांडीवर रजिस्टर उघडलं आणि सुकीच्या नावापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मुलगी मुकी आहे. समक्ष पाहिले.' खाली सही केली.