शेवटचं बदक

पोहण्याच्या मास्तरांची मुलगी पाण्याला शिवत नाही, याचं लोकांना भारी हसू यायचं. "दिव्याखाली अंधार," असं तिच्या तोंडावर म्हणायचे. ती पंक्चरचं दुकान चालवायची, सगळे तिला पंक्चरवालीच म्हणायचे. मान वर न करता उत्तर द्यायची, "अंधार तर अंधार. तुमची ट्यूब उद्या घेऊन जा."

तिचं दुकान पोहण्याच्या तलावाच्या फाटकासमोरच होतं, दुकानामागे घर. सायकलच्या ट्यूबा, हवेच्या गाद्या, तंबू, जे जे फुगतं आणि गळतं ते ते तिच्याकडे यायचं. सगळ्यात जास्त यायची ती पाण्यावर तरंगायची सोंगं. बदकं, मगरी, कलिंगडाच्या फोडी, एक शिंग मोडलेला घोडा. लोक मोठ्या हौसेनं दुरुस्तीला टाकायचे आणि सुट्ट्या संपल्या की साफ विसरायचे. दुकानाच्या माळ्यावर नुसता बदकांचा बाजार भरला होता.

पाण्याचं आणि तिचं का बिनसलं, तेही सांगून टाकते. लहान असताना मास्तरांनी भर तलावात तिच्या कमरेची ट्यूब ओढून काढली होती. "सोड! पाणी धरतं आपल्याला," म्हणाले. पाण्यानं काही धरलं नाही. नाकातोंडात पाणी गेलं, पोरगी खोकत, रडत काठावर आली, ती परत पाण्यात गेली नाही. त्याआधी मास्तर तिला लाडानं बेडकी म्हणायचे, त्यानंतर ते नावही बंद झालं. बापलेक दोघंही एकाच मातीचे. त्यानं कधी चुकलं म्हटलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. काठावर बसून ती दुसऱ्या पोरांच्या ट्यूबा चिकटवायला शिकली आणि त्याचाच पुढे धंदा झाला.

आता मास्तर म्हातारे झाले होते. हातपाय अजून खणखणीत, पण डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध धुकं. कडेनं उजेड तेवढा कळायचा, माणूस कळायचा नाही. तरी रोज तलावावर जायचेच. एक दिवस पोहता पोहता एका बाईंच्या अंगावर गेले, त्यांचा पोहायचा चष्मा फुटला, आरडाओरडा झाला. तलावाचा मॅनेजर मास्तरांचाच जुना विद्यार्थी. लहानपणी सारखा बुडायचा, म्हणून मास्तर त्याला अजून दगडच म्हणायचे. तो खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, आता पुरे. उद्या कुणाला लागलं तर मी काय तोंड दाखवू?"

मास्तर माघारी फिरले. घरी आले, टॉवेल वाळत घातला आणि खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग बसूनच राहिले. जेवण अर्धं व्हायचं, दाढी वाढली, रेडिओ लावला तर म्हणायचे बंद कर. दुपारी डोळा लागला की मात्र त्यांचे खांदे हलायचे. एक हात पुढे, एक मागे. झोपेत पोहायचे हो! ते पाहून पंक्चरवालीनं ठरवलं. हा माणूस खुर्चीत बसून मरणार, आणि आपण समोर ठिगळं लावत बसणार? नाही म्हणजे नाही.

ती तडक मॅनेजरकडे गेली.

"त्यांना उजेड दिसतो," ती म्हणाली. "काठाला दिव्यांची रांग लाव. त्या रांगेनं जातील, येतील."

"ताई, पाण्याच्या काठाला वायर? मी एक खिळा ठोकू देणार नाही."

"वायर नको, सेलवरचे दिवे. तेही काठाला नाहीत, पाण्यावर. माझ्याकडे बदकं पडलीत, त्यांना लावते."

मॅनेजरला हसू आवरेना. पण मास्तरांचं नाव होतं, म्हणून हसू गिळून त्यानं अट घातली. संध्याकाळी तलाव रिकामा झाला की एकदा पोहून दाखवायचं. जाऊन यायचं, कुठे धडकायचं नाही. "आणि काठावरून कुणी हाका मारायच्या नाहीत. ओरडून रस्ता दाखवायचा असेल तर ते पोहणं नव्हे. जमलं तर रोजचा शेवटचा तास त्यांचा. नाही जमलं, तर हा विषय माझ्यापुढे परत काढायचा नाही."

"ठरलं," ती म्हणाली, आणि जाऊन माळ्यावरची बदकं खाली काढली.

पहिल्या दिवशी तिनं दुकानात बसून बदकं टम्म फुगवली. हा तिचा धंद्यातला हात. पंक्चरवाल्या माणसाला ढिली वस्तू बघवत नाही. दिव्यांच्या माळा गच्च आवळून बांधल्या, गाठींवर पंक्चर चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि सुकायला बदकं उन्हात ठेवली. थोड्या वेळानं असा बार उडाला की शेजारचा न्हावी कात्री घेऊन बाहेर आला.

"काय फुटलं?" आतून मास्तरांनी विचारलं.

"बदक."

"बरं झालं."

उन्हानं आतली हवा फुगली आणि माळ मानेत रुतली, दुसरं काय होणार! तिनं तशीच माळ बांधलेली कलिंगडाची फोड उचलली आणि पंक्चर तपासायच्या गार पाण्याच्या टाकीत टाकली. तिथं उलटाच तमाशा. गार पाण्यात हवा आक्रसली, फोड मऊ पडली आणि माळ घसरून थेट तळाला. एक आवळून मेलं, दुसरं सुटून गेलं. तिनं कपाळावर हात मारला. इतकी वर्षं हवा भरण्यात घालवली आणि हवा ऊनपाणी बघून अंग बदलते एवढं ध्यानात येऊ नये?

ध्यानात आलं तेव्हा इलाज पायाशीच पडला होता. सायकलच्या फाटक्या ट्यूबांचा ढीग! तिनं ट्यूबा उभ्या चिरल्या आणि त्यांच्या लांब रबरी पट्ट्या केल्या. पट्टी बदकाच्या पोटाभोवती, पट्टीखाली माळ. बदक फुगलं तर रबर ताणलं जाईल, आक्रसलं तर रबरही आवळेल. सेलचा डबा प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांत घालून कडा चिकटवल्या आणि दिवसभर टाकीत बुडवून ठेवला. काढून बघते तर आत ठणठणीत कोरडा. न्हावी म्हणाला, "अगं, एवढी मेहनत माणसाचे केस कापायला घेतली असतीस तर माझं दुकान बंद पडलं असतं."

खरी लढाई घरात होती.

"मी बदकामागे पोहू?" मास्तर कडाडले. "आयुष्यभर पोरांच्या हातातनं ही थेरं हिसकावून घेतली, आणि आता मी?"

"माझ्याही हातातनं घेतली होतीत," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. मास्तर भिंतीकडे वळले.

मग तिनं खिडकीचा पडदा ओढला, बदक खुर्चीच्या डाव्या अंगाला ठेवलं आणि दिवे लावले. मास्तर समोर भिंतीकडेच तोंड करून बसले होते. त्यांची मान हळूच वळली.

"डावीकडे काहीतरी लुकलुकतंय."

"बदक आहे."

"पिवळं?"

"पिवळंच."

कितीतरी वेळ ते त्या उजेडाकडे कडेच्या नजरेनं बघत राहिले. मग त्यांनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "दाढी करायला पाहिजे. त्या दगडासमोर असं जाणार का मी?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि पदराला डोळे पुसले.

परीक्षेच्या संध्याकाळी लोक पांगले, पाणी काळसर झालं. मॅनेजरच्या माणसानं पंक्चरवालीनं दाखवलं तसं एकेक सोंग पाण्यात सोडलं. प्रत्येकाला खाली वाळूची पिशवी, म्हणजे जागा सोडणार नाही. मगर, फोड, घोडा, बदकं, सगळी एका रांगेत. शेवटचं पिवळं बदक खोल पाण्याच्या टोकाला, भिंतीजवळ. ते दिसलं की समजायचं, भिंत आली; उथळ टोकाला तीच खूण मगरीची. आता खरं सांगायचं तर त्या बदकाची पिशवी बाकीच्यांसारखी बांधायला रबर उरलं नव्हतं. तिनं नायलॉनची दोरी बांधली आणि म्हणाली, "चालतंय की." लोकांच्या असल्या 'चालतंय की'वर तिनं आयुष्यभर ठिगळं लावली होती, आणि ऐन वेळी स्वतः तेच केलं.

दिवे लागले. मॅनेजरनं तोंड उघडलं ते बंदच होईना. "ताई, हे तर..." म्हणाला आणि नीट बघायला उथळ टोकाकडे निघाला.

मास्तर खोल टोकाकडूनच उतरणार म्हणून अडून बसले. "उथळ पाण्यातनं बेडूक सुरुवात करतात." 'बेडूक' हा शब्द तोंडून गेला आणि ते थबकले. मग काठावर बोटं टेकवून त्यांनी उडी घेतली. आवाजसुद्धा झाला नाही.

काय पोहले! घरात भिंत चाचपडत चालणारा माणूस पाण्यात सरळ रेघेत निघाला. दिव्यांची रांग डाव्या अंगाला, हात पडतोय, श्वास येतोय. पलीकडच्या टोकाला पोचले, भिंतीला हात लावला, वळले. आता रांग उजव्या अंगाला. पंक्चरवाली खोल टोकाला उभी होती.

तेवढ्यात तिला शेवटचं बदक हलताना दिसलं.

ओल्या नायलॉनची गाठ सुटली होती. बदक डुलत डुलत बाजूला निघालं, लोखंडी शिडीच्या दिशेनं. मास्तर मध्यावर होते. त्यांना काय कळणार? जिथं शेवटचा दिवा तिथं भिंत, असंच त्यांना सांगितलं होतं. ते त्या दिव्यामागे वळणार आणि पूर्ण जोरात डोकं त्या लोखंडावर! हाक मारावी तर परीक्षा संपली, खुर्ची कायमची. हाक मारू नये तर? मॅनेजर दुसऱ्या टोकाला, त्याला इथून काही दिसत नव्हतं.

पुढचं तिनं विचार करून केलं असं कुणी म्हणू नये. ती साडीसकट शिडी उतरली. गार पाणी छातीला भिडलं, गळ्याशी आलं. पायाखाली शेवटची पायरी, तिच्याखाली काही नाही. लहानपणीचं सगळं पाणी एकदम नाकात आल्यासारखं झालं. "मर मेली भीती," ती दातांतून पुटपुटली, बदकाच्या मानेला मिठी मारली आणि पाय झाडले. बदक गोल फिरलं. तिनं परत झाडले. साडी पायात गुंतली, तरी झाडले. ट्यूब लावून काठाकाठानं फिरायची तेव्हा बापानं हेच शिकवलं होतं, पाय मार, गुडघ्यातून नाही, कमरेतून. पाय विसरले नव्हते. हातभर हातभर करत बदक जागेवर आलं. एका हातानं तिनं भिंतीची कड पकडली, दुसऱ्या हातानं बदक.

मास्तरांचे हात जवळ येत गेले. बदकाकडे सरळ आले, बाजूनं गेले आणि त्यांचा तळवा भिंतीवर पडला. थाप्पकन. कुठेही धडक नाही.

"झालं रे दगडा?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

मॅनेजर पळत आला आणि पाण्यात बघून जागच्या जागी थांबला. "ताई! तुम्ही पाण्यात?"

"मी हाक मारली नाही," ती म्हणाली. दात वाजत होते. "तू म्हणालास हाक नको. एक शब्द काढला नाही मी."

मॅनेजर सुटलेल्या दोरीकडे बघत राहिला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. "हाक मारली नाहीत, खरं आहे. ते सरळ आले, तेही खरं. पण पाण्यात सोबतीला कुणी असल्याशिवाय मी त्यांना सोडणार नाही. रोज कोण उतरणार?"

"मी. रोज मी बदक धरीन."

मास्तरांचा हात पाण्यावरून चाचपडत आला. बदकाची मान सापडली, मानेवर आवळलेली तिची बोटं सापडली. त्या बोटांवर हात ठेवून ते थांबले.

"ती बदक धरायला येणार नाही," ते मॅनेजरला म्हणाले. "ती पोहायला येणार आहे."

"बाबा, मला नाही जमायचं."

"तेव्हा मी ट्यूब काढली आणि हात द्यायला विसरलो," मास्तर म्हणाले. "माझं चुकलं. थांब."

त्यांनी एका हातानं भिंतीची कड धरली आणि दुसरा हात तिच्या पाठीखाली घातला. तळवा पूर्ण उघडा. त्या हाताचा आधार तिला नीट जाणवला.

"आता सोड, बेडके."

तिनं बदक सोडलं.