चहापानाने सभेची सांगता

आमच्या लालबागच्या चाळीचे सेक्रेटरी रमाकांतकाका यांना गेल्या वर्षी साक्षात्कार झाला, की चाळीच्या ग्रुपवर टाकलेलं सगळं बिल्डरला कळतं. कळणारच! ग्रुपमध्ये बिल्डरचा साडू होता. पण त्याला काढायचं सोडून काकांनी ठरवलं, आपला स्वतःचा सर्व्हर पाहिजे. मी कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते, म्हणून हे पुण्य माझ्या पदरात. "प्राची, तुला काय, दोन बटणं दाबायची," काका म्हणाले. हो ना. त्या दोन बटणांत माझे सहा रविवार गेले.

जुना कॉम्प्युटर काकांच्या घरी कपाटाशेजारी बसला. चाळीचं चॅट आता त्याच्यावरून चालायचं. कालिंदीकाकूंनी धूळ नको म्हणून त्यावर भरतकामाचं कव्हर घातलं. तो तापून बंद पडला की मी ऑफिसातून फोन करायचा, काकू, कव्हर काढा. "अगं, पण पाहुणे आलेत ना!" काकू म्हणायच्या. पाहुणे जाईपर्यंत चाळ मुकी.

मग काकांना बॉट हवा झाला. कारण काय, तर लोक सारखी बेल वाजवून विचारतात, अमुक ठरावाचं काय झालं, टाकी कधी धुणार. "माझ्या डोक्याला ताप नको. त्यांनी बॉटला विचारावं, त्यानं आपली इतिवृत्तं वाचून सांगावं." नाव काकांनीच ठेवलं, सभासद-सेवक. त्याला रीतसर प्रवेश-अर्ज हवा, असाही आग्रह होता. मी अर्ज भरला. वडिलांचं नाव या रकान्यात रेघ मारली.

पहिल्या दिवशी सेवकानं सगळ्यांना नमस्कार केला. मग स्वतःचाच नमस्कार वाचून त्याला उलट नमस्कार केला, मग त्यालाही. चूक माझी, स्वतःच्या मेसेजला उत्तर देऊ नकोस हे सांगायचं राहिलं. दोनशे चौदा नमस्कार झाल्यावर मी त्याला थांबवला. काका मात्र खूश. "वळण चांगलं आहे!"

इतिवृत्तांचा पेनड्राइव्ह त्यांनीच दिला. अकरा वर्षांच्या सभा, सगळ्या त्यांच्या हातच्या टाइप केलेल्या. "सगळं घाल. पारदर्शक कारभार!" मी उघडून न बघता अख्खं फोल्डर घातलं. कोण वाचतंय? आमच्या सभांना नऊ माणसं येतात, त्यातली चार चहाला.

गुरुवारी संध्याकाळी आनंदीबाईंनी सेवकाला प्रश्न विचारला. तळमजल्यावर तीन नंबरमध्ये त्या एकट्या राहतात, वय शहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले. रविवारच्या सभेत त्यांच्या खोलीविषयी काहीतरी आहे एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. प्रश्न सगळ्या चाळीसमोर आला आणि उत्तरही.

"रविवारच्या सभेत खोली क्रमांक ३ मंडळाच्या कार्यालयासाठी घेण्याचे ठरले. श्रीमती आनंदीबाई यांनी तिसऱ्या मजल्यावरील रिकाम्या खोलीत जाण्यास स्वखुशीने संमती दिली. सूचक राजाराम, अनुमोदक प्राची. ठराव टाळ्यांच्या गजरात सर्वानुमते मंजूर. चहापानाने सभेची सांगता."

रविवार यायला अजून तीन दिवस होते.

मी धावत खाली गेले. आनंदीबाई दारातच खुर्चीवर, हातात फोन. "गो प्राची, मी खय टाळ्यो वाजवलंय? माका कोणी इचारूक नाय." आमच्या चाळीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर एकदा चढल्या की त्या खाली उतरणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. आणि अनुमोदक मी! घरी येऊन जुनी इतिवृत्तं पहिल्यांदा वाचली. मी बंगलोरला होते त्या दोन वर्षांतसुद्धा मी सात ठरावांना अनुमोदन दिलं होतं. मला लाज वाटली. काकांची नाही, माझीच.

काका तणतणत आले. "बंद कर तो बॉट! खोटं बोलतो!"

"काका, तो फक्त वाचतो. लिहिलं कुणी?"

"अगं, आधी लिहून ठेवावं लागतं. आयत्या वेळी घाई होते. आणि कुणी काही बोलतं का कधी?" हे मात्र खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

रविवारी सकाळी सभेला त्रेसष्ट माणसं आली. सतरंजी पुरेना. आनंदीबाई म्हणाल्या, लिहिलेलं आहेच, तर वाचा. काकांनी वाचलं. टाळ्यांच्या गजरात, इथं येऊन ते थांबले. कुणी हात हलवला नाही. राजारामना विचारलं, तुम्ही सूचक ना? ते म्हणाले, मला तर आत्ताच कळतंय. मग मी उठून सांगितलं, माझं अनुमोदन नाही. आवाज चिरकला माझा, पण सांगितलं. आनंदीबाईंनी सगळ्यांना हात वर करायला लावले. ठरावाच्या बाजूनं काकांचा एक, तोही खांद्याच्या वर गेला नाही.

कालिंदीकाकूंनी सवयीनं चहाचं आधण ठेवलं होतं. आनंदीबाईंनी त्यांना गॅस बंद करायला लावला. काकांना आपल्या खोलीत नेलं, टेबलाशी बसवलं, पुढ्यात कागद ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच काका सभा झाल्यावर तिचं इतिवृत्त लिहीत होते. दोनदा खोडलं बिचाऱ्यांनी. मी ते तिथंच टाइप करून फोल्डरमध्ये टाकलं आणि जुनं काढलं.

आनंदीबाईंनी चष्मा लावून एका बोटानं सेवकाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. उत्तर त्यांनी मोठ्यानं वाचलं. "खोली क्रमांक ३ श्रीमती आनंदीबाई यांच्याकडेच राहील. ठराव फेटाळला. चहापान झालेले नाही."

त्यांनी फोन खाली ठेवला, टेबलाचा आधार घेत उठल्या आणि काकांना म्हणाल्या, "बस रे रमाकांता. आता माझ्या घरात चाय ठेवतंय."