ऋषीच्या मानेतल्या गाठीतून

मी एक विषाणू बोलतोय. लगेच मास्क शोधू नका, मी करोना नव्हे. तो उपटसुंभ कालचा. आम्ही फार जुने. तुमच्यापैकी बहुतेकांच्या अंगात आम्ही निमूट झोपलेले असतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

हडपसरच्या मुक्ताबाईंकडून मी त्यांच्या मुलाकडे, ऋषीकडे आलो. तेव्हा त्याला नुकते दात येत होते. मुक्ताबाई भाकरीचा घास स्वतः चावून मऊ करायच्या आणि त्याला भरवायच्या. त्या घासाबरोबर मी आत गेलो, एका पांढऱ्या पेशीत शिरलो आणि तिथेच अडकलो. बाहेर शरीराचा पहारा कडक. डोकं वर काढायची सोय नव्हती.

वर्षं गेली. ऋषी आयटीत नोकरीला लागला. इकडे माझी पेशी बिघडली. वेळ झाली तरी मरेना, उलट वाढतच सुटली. त्यात माझा हात होता, पण एकट्याचा नव्हे. नाहीतर अख्खं पुणं आजारी पडलं असतं. प्रत्येक नव्या पेशीत मीच, पुन्हा कोंडलेला. फार घुसमट व्हायची.

ऋषीच्या मानेला गाठ आली. जवळच्या डॉक्टरांनी तुकडा न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. मानेला गाठ म्हणजे टीबी, हे आपल्याकडे ठरलेलंच! त्या गोळ्यांनी लघवी तेवढी लाल झाली. गाठ वाढतच राहिली.

शेवटी तुकडा तपासला. लिम्फोमा निघाला. लसीका ग्रंथींचा कॅन्सर.

"गाठीत एक विषाणूही सापडलाय," कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो लहानपणीच लाळेतून येतो."

मुक्ताबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी म्याच भरवला की वो त्याला!"

"अहो, तो माझ्यातही असेल. त्यातून गाठ क्वचितच कुणाला होते. तुमचा काही दोष नाही. आणि हा आजार बरा होऊ शकतो."

बाईंना ते पटलं नाही. त्या लेकाला हात लावीनात. डबा टेबलावर ठेवून लांब उभ्या राहायच्या. दोष तुमचा नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण तोंड कुठून आणू?

आज ऋषीची पहिली केमो. सुई टोचल्यावर तो म्हणाला, "आई, वॉचमनसारखी दारात काय उभी? मला भीती वाटतेय गं."

मुक्ताबाई आल्या. हात पुढे झाला, थबकला आणि मग थेट गाठीवरच टेकला.

"लई दुखतंय का रं?"

"आता नाही."

औषध पोचलंय. पेशीच्या भिंती हलू लागल्यात. त्या पडल्या की मीही संपेन. माझी सुटका व्हायची ती अशीच, आणि मला ती हवी आहे. मुक्ताबाई, एवढंच करा, हात काढू नका.