मुकं

माझ्या लेकीचं, रूपालीचं, लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. त्याच वर्षी खोपोलीजवळच्या आमच्या कारखान्यात भंगाराला भंगार म्हणायची बंदी आली. कच्चा माल म्हणायचं. खाणीतून कमी काढायचं, जुनं लोखंड वितळवून पुन्हा वापरायचं, असं सरकारचं धोरण आहे, हे नवा सुपरवायझर कमलेश आम्हाला समजावू लागला. वीस वर्षं आम्ही दुसरं काय करत होतो, ते त्यानं विचारलं नाही.

माझं काम निवडायचं. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, सिलिंडर, गाडीचा शॉकअप, यांना आम्ही मुकं म्हणतो. आत हवा नाहीतर तेल कोंडलेलं असतं. भट्टीच्या रसात पडलं की फुटतं. म्हणून आधी गॅसनं भोक पाडायचं. भोक राहिलं असेल तर भट्टीवरच्या माझ्या धाकट्या भावाला, पोशाला, मी ओरडून सांगायचे, "मुकं हाय रं." तो थांबायचा. "तुझ्यापरीस बरं, गप तरी बसतं," म्हणायचा.

कमलेशनं आमचं ओरडणं बंद केलं. प्रत्येक ढिगावर पाटी हवी. तपासलेल्या ढिगावर 'दोषमुक्त' लिहायचं, थोडक्यात 'मुक्त' चालेल. न तपासलेल्यावर काय लिहायचं, मी दोनदा विचारलं. फॉर्मात तसा रकानाच नाही म्हणाला. पोशाला वाचता येत नाही, हेही सांगितलं. वाचायला मी आहे ना, म्हणाला.

मी अक्षरं शिकले ती बावन्नाव्या वर्षी, रूपालीच्या जुन्या पुस्तकांवरून. पाटीवर खडूनं लिहायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एका दिवशी गॅस संपला. तीन शॉकअप भोकाविना राहिले. मी त्या ढिगावर आमचाच शब्द लिहिला, 'मुकं', आणि कमलेशनं मागवलेला फॉर्म द्यायला गेटवर गेले. तेवढ्यात त्यानं पाटी वाचली आणि ढीग भट्टीत सोडायला सांगितला.

आवाज गेटपर्यंत आला.

नंतर तो मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मला वाटलं, तुम्हाला जोडाक्षर जमलं नसेल."

मला जोडाक्षर येत होतं.

चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं आहे, कच्च्या मालातील दोष. ते मी स्वतः वाचलं. माझा भाऊ पोशा बावीस नोव्हेंबरला दुपारी भट्टीपाशी भाजून मेला.